श्रीमंतांच्या बेटावर आपण उतरावं का?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही दोघं ठाण्याला राहतो. माझं वय चौसष्ट, यांचं एकोणसत्तर. मुलगी आणि जावई न्यू जर्सीला असतात. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील म्हणून लेकीने येत्या जानेवारीत आम्हा सगळ्यांसाठी कॅरिबियनची क्रूझ ठरवली आहे. जहाज छोटं आहे, पोर्तो रिकोच्या सान ह्वानहून निघतं आणि एक दिवस सेंट बार्ट्स नावाच्या बेटावर थांबतं. गुस्ताविया हे बंदर, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. नेटवर वाचलं तर तिथे म्हणे अब्जाधीश येतात, साधं जेवण काही हजारांत जातं. हे म्हणाले, "आपण जहाजावरच बसू, पोरं जाऊन येतील." मलाही संकोच वाटतो. माझा डावा गुडघा बदललेला आहे आणि तिथे लाँचने उतरावं लागतं. मी अंडंही खात नाही. नऊ वर्षांची नात मात्र "आजी, तू येणारच" म्हणून बसली आहे. लेक म्हणते पैशांकडे बघू नका, आणि नेमकं तेच यांना खुपतं. काय करावं?
एक वाचक, ठाणे

प्रिय ताई,

उतरा. दोघांनीही उतरा, आणि "पोरांच्या सोबतीला म्हणून" नाही, स्वतःसाठी उतरा. त्या बंदरात बघण्यासारखं जे आहे त्यातलं बहुतेक फुकट आहे. तुमच्या गुडघ्याला झेपेल असंच त्या गावाचं आकारमान आहे. आणि संकोचाचं म्हणाल, तर त्या बेटाची हकिकत कळली की तो बराचसा आपोआप गळून पडेल. तुमच्या यजमानांना इतिहासाची गोडी आहे की नाही ते पत्रात नाही, पण पुढचा भाग त्यांना वाचून दाखवा.

सेंट बार्ट्स, म्हणजे सें बार्तेलमी, हे जेमतेम पंचवीस चौरस किलोमीटरचं बेट. लोकसंख्या दहा-अकरा हजार. कोलंबसाने १४९३ मध्ये आपल्या भावाच्या, बार्तोलोमेओच्या, नावावरून त्याचं नाव ठेवलं. जमीन खडकाळ, कोरडी. वाहती नदी एकही नाही. आजूबाजूच्या बेटांवर उसाचे प्रचंड मळे उभे राहिले तसे इथे राहूच शकले नाहीत. नॉर्मंडी, ब्रिटनी या भागांतून आलेली फ्रेंच कुटुंबं पावसाचं पाणी टाक्यांत साठवून, थोडं पिकवून आणि मासे मारून कशीबशी जगली. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने हे अख्खं बेट स्वीडनला देऊन टाकलं आणि बदल्यात गोथेनबर्गच्या बंदरात व्यापाराची सवलत पदरात पाडून घेतली. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव. त्याचंच नाव या बंदराला मिळालं: गुस्ताविया. दुसऱ्याच वर्षी स्वीडिश सरकारने ते खुलं, करमुक्त बंदर म्हणून जाहीर केलं. युरोपातले बाकीचे देश एकमेकांशी लढत होते आणि स्वीडन तटस्थ होतं, त्यामुळे सगळ्यांचा माल इथून फिरायला लागला आणि गाव भरभराटीला आलं. त्या भरभराटीत गुलामांचा व्यापारही होता, हे झाकून ठेवण्याचं कारण नाही. स्वीडनने या बेटावरची गुलामगिरी १८४७ मध्ये रद्द केली.

मग लढाया थांबल्या, व्यापार दुसरीकडे गेला, वादळं आली, १८५२ मध्ये मोठी आग लागून गावाचा बराच भाग जळाला. स्वीडनला बेट जड झालं. १८७७ मध्ये लोकांना विचारलं, फ्रान्सकडे परत जायचं का? तीनशे एक्कावन्न जणांनी होकार दिला आणि एकाने नकार. १८७८ मध्ये बेट पुन्हा फ्रान्सचं झालं. त्या नकार देणाऱ्या एका माणसाबद्दल मला फार कुतूहल आहे.

त्यानंतर कितीतरी दशकं हे बेट गरीबच होतं. इथले पुरुष मजुरी आणि मासेमारीसाठी सेंट थॉमस बेटावर जात. तिथल्या राजधानीत फ्रेंचटाउन नावाची वस्ती आहे, ती या बेटावरून गेलेल्यांनीच वसवलेली. घरी राहिलेल्या बायका ताडाच्या जातीच्या लातानिए झाडाच्या पात्या सोलून, वाळवून त्यांच्या टोप्या आणि टोपल्या विणत आणि विकत. कोरोसोल नावाच्या कोळीवाड्यात ही कला अजून टिकून आहे. १९४५ मध्ये रेमी द हेनेन नावाच्या वैमानिकाने सें झाँ इथल्या गवताळ सपाटीवर पहिलं विमान उतरवलं. १९५७ मध्ये अमेरिकेच्या डेव्हिड रॉकफेलरने कोलोंबिए इथे जागा घेतली, आणि त्याच्या मागून बाकीचे धनवान आले. बेटाची श्रीमंती एवढीच जुनी आहे, ताई. तुमच्या यजमानांच्या आयुष्यापेक्षा फारशी मोठी नाही. ज्या बेकरीत तुम्ही पाव घ्याल तिथल्या बाईची आजी कदाचित टोप्या विकून घर चालवत असेल. अशा गावात साधेपणाने राहणाऱ्या, पै-पै जोडून मुलीला शिकवलेल्या माणसांनी मान खाली घालावी असं काहीही नाही.

आता गुडघा. गुस्तावियाचं बंदर घोड्याच्या नालेसारखं आत वळलेलं आणि लहान आहे, म्हणून क्रूझचं जहाज बाहेर नांगर टाकतं आणि तिथून लाँचने धक्क्यावर नेतात. जहाजावर या लाँचला टेंडर म्हणतात. राजपुरीहून जंजिऱ्याला होडीतून गेला असाल तर कल्पना येईल, फक्त इथे व्यवस्था कितीतरी चांगली असते: जहाजाच्या बाजूला सपाट फळी, दोन्ही बाजूंना खलाशी, आणि लाँचमध्ये बसायला बाकं. खरा अवघड क्षण एकच, फळीवरून लाँचमध्ये पाऊल टाकायचा. लाट आली की लाँच वर-खाली होते. घाई करू नका. खलाशी "आता" म्हणेल तेव्हाच पाऊल टाका. त्याला तुमचा पंजा देऊ नका, हात कोपरापासून पुढे सगळा धरू द्या, म्हणजे पकड सुटत नाही. लाँचमध्ये जाताना आणि बाहेर येताना उडी मारायची नाही, बाकीचे मारत असले तरी. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून पर्स खांद्यावर आडवी आणि काठी असेल तर लेकीच्या हातात. साडी नेसणार असाल तर थोडी वर नेसा किंवा त्या दिवशी सरळ पंजाबी ड्रेस घाला. चपला मागे पट्टा असलेल्या.

जहाजावर गेल्या गेल्या पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात सांगून ठेवा की गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सकाळी पहिल्या तासात सहलींवाल्यांची गर्दी असते, ती ओसरल्यावर निघालात तर खलाशांनाही तुमच्याकडे लक्ष द्यायला सवड मिळते. जानेवारीत कधी कधी समुद्र चढलेला असतो. गुस्ताविया बेटाच्या आडोशाच्या बाजूला आहे, त्यामुळे बऱ्याचदा निभावतं; पण कॅप्टनने लाँच बंद केल्या तर वाईट वाटून घेऊ नका आणि भांडूही नका. तो निर्णय तुमच्यासारख्यांच्या गुडघ्यांसाठीच असतो.

एकदा धक्क्यावर पाय ठेवला की पुढचं गाव तुमच्या बेताचं आहे. बंदराच्या कडेने सगळी वाट सपाट आहे. एका बाजूला नौका उभ्या असतात, काही इतक्या मोठ्या की चार मजली इमारत पाण्यात ठेवलीय असं वाटतं. नात त्यांची नावं वाचत बसेल. रस्त्यांच्या पाट्या नीट बघा, फ्रेंच नावाबरोबर जुनं स्वीडिश नावही लिहिलेलं दिसेल. धक्क्याजवळच १८५५ चं अँग्लिकन चर्च आहे, दगडी, लहानसं. स्वीडिश काळातला घंटेचा मनोरा जरा चढावर आहे; त्याचं चर्च गेलं, मनोरा उरला. तो खालून बघितला तरी चालतो. बंदराच्या पलीकडच्या कडेला वॉल हाउस नावाची जुनी दगडी इमारत आहे, तिथे बेटाचं संग्रहालय आहे. उघडं असेल तर यांना तिथे नक्की न्या. बेटाच्या चिन्हात फ्रान्सच्या राजघराण्याची लिलीची फुलं, माल्टाच्या सरदारांचा क्रूस आणि स्वीडनचे तीन मुकुट असं सगळं एकत्र आहे, आणि खाली लिहिलंय वानालाओ, म्हणजे युरोपीय येण्याआधी मूळ कॅरिब लोकांनी या बेटाला दिलेलं नाव. माल्टाच्या सरदारांनीही सतराव्या शतकात काही वर्षं हे बेट विकत घेतलं होतं. एवढ्याशा जागेचे इतके मालक होऊन गेले.

गुस्ताव, कार्ल, ऑस्कर असे तीन किल्ले बंदराच्या भोवती होते. तुम्ही चढू नका. यांचे पाय धड असतील तर गुस्ताव किल्ल्याच्या जागेपर्यंत जावं, दीपस्तंभ आहे, वरून सगळं बंदर दिसतं. तुमचं जहाजही दिसेल.

गावातून दहा-एक मिनिटं सावकाश चाललं की शेल बीच लागतो. वाळूऐवजी बारीक शंख-शिंपल्यांचा थर आहे, म्हणून हे नाव. लेकीला आणि नातीला पोहायचं असेल तर इथेच. तुम्ही सावलीत बसा. शिंपल्यांवर पाय सरकतो आणि पाण्यात उतरताना तळ पटकन खोल जातो, म्हणून बदललेल्या गुडघ्याने पाण्यात जायचा मोह नको. पाण्याचा रंग बसूनही तेवढाच दिसतो. एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे दचकायला नको: हा फ्रेंच मुलूख आहे, किनाऱ्यावर काही बायका वरचे कपडे न घालता ऊन खात पडलेल्या असतील. कुणी टक लावून बघत नाही, कुणी लपवतही नाही. नातीला एका वाक्यात "इथली पद्धत अशी आहे" एवढं सांगितलं की पुरे, मुलं मोठ्यांपेक्षा लवकर विसरतात. सालीन नावाचा दुसरा एक सुंदर किनारा आहे तिथे याहून मोकळा कारभार असतो, म्हणून तो तुमच्या कुटुंबाच्या यादीत नको. आणि गावात फिरताना उलटं: पोहण्याच्या कपड्यांवर रस्त्यातून चालणं तिथल्या लोकांना आवडत नाही. तुमची साडी, कुर्ता, यांचा झब्बा, सगळं चालतं, किंबहुना छान दिसतं.

बेटावरचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत. मोठ्या हॉटेलच्या समोरचाही. खुर्ची-छत्री त्यांची, वाळू सगळ्यांची.

दुकानांबद्दल. बंदरालगतच्या गल्ल्यांत लुई व्हितों, हर्मेस, कार्तिए अशी नावं ओळीने दिसतील. लेकीला आत जायचं असेल तर तुम्हीही जा. दारातून आत शिरताना समोरच्याकडे बघून "बोंझूर" म्हणा, निघताना "मेर्सी, ओ रव्हार". एवढं तुमच्या हातात आहे आणि तेवढंच लागतं. फ्रेंच लोकांकडे नमस्कार न करता एकदम प्रश्न विचारणं हा उद्धटपणा समजतात. भारतातल्या आणि अमेरिकेतल्या पाहुण्यांना तिथे कोरडी वागणूक मिळाल्याच्या ज्या तक्रारी मी ऐकते त्यांच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असतं. टॅक्सीवाल्यालाही आधी बोंझूर, मग भाडं. काही विकत घेतलं पाहिजे असं मुळीच नाही.

दुपारी बाराच्या सुमारास बरीच दुकानं बंद होतात आणि तीनच्या आसपास उघडतात. रविवारी तर गाव झोपलेलंच असतं, तेव्हा तुमचा वार कोणता ते बघून ठेवा. या दुपारच्या सुट्टीचा तुम्ही फायदा घ्या. साडेअकरा-बाराला लाँचने जहाजावर परत जा. जेवणाचे पैसे लेकीने आधीच भरलेले आहेत, तिथल्या स्वयंपाक्याला तुम्ही अंडं खात नाही हे ठाऊक असेल, गुडघा वर करून तासभर पडता येईल. मग अडीच-तीनला पुन्हा उतरा. लाँच दिवसभर ये-जा करत असतात, एकदा उतरलं की संध्याकाळपर्यंत उन्हात ताटकळत राहायचं अशी सक्ती नसते. परतीची शेवटची लाँच कितीची आहे ते मात्र निघताना फलकावर वाचून घ्या. जहाज पाचला निघणार म्हणजे शेवटची लाँच त्याच्या बरीच आधी असते. न्यू जर्सीहून येताना जावयांच्या मनगटावरचं घड्याळ एक तास मागे राहिलं असेल, ते सान ह्वानलाच पुढे करून घ्यायला सांगा.

दुपारच्या फेरीत टॅक्सी करा. धक्क्याजवळ टॅक्सीचा थांबा आहे. गाड्या मोजक्याच, म्हणून सकाळीच सांगून ठेवली तर बरं. रक्कम आधी ठरवायची, माणशी की गाडीची तेही विचारायचं, आणि थांबून परत आणणार हेही बोलून घ्यायचं. जावई भाड्याने गाडी घ्यायची म्हणतील. मी नको म्हणेन. रस्ते अरुंद, चढ असे की छाती दडपते, आणि गुस्तावियात गाडी लावायला जागा मिळवण्यात अर्धा तास जातो. एका दिवसासाठी कशाला.

टॅक्सीने आधी त्या खिंडीपाशी थांबा जिथून विमानं येतात. धावपट्टी साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला सें झाँचा समुद्र. फक्त लहान विमानं उतरतात आणि त्यांच्या वैमानिकांना या धावपट्टीसाठी वेगळी परवानगी लागते. खिंडीतल्या रस्त्यावरून विमान इतकं खाली येतं की माणसं नकळत वाकतात, आणि मग ते नाक खाली करून डोंगराच्या उतारालगत घसरल्यासारखं धावपट्टीवर टेकतं. तुमची नात हे जन्मभर सांगेल. कडेला, गाड्यांपासून दूर उभे राहा आणि समुद्राकडच्या टोकाला, धावपट्टीच्या सरळ रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. वेळ उरला तर टॅक्सीवाल्याला कोरोसोलला न्यायला सांगा, गुस्तावियाच्या अगदी जवळ आहे. तिथली विणलेली एखादी लहान वस्तू मिळाली तर ती घेण्यासारखी आहे. बाकी काही विकत घेण्याचा आग्रह मी करणार नाही.

खाण्याचं. गावातल्या रेस्तराँत एका माणसाच्या मुख्य पदार्थाला तीस-चाळीस युरो सहज पडतात, आणि युरो शंभर रुपयांच्या वरच धरा. याचं कारण निव्वळ लोभ नाही. बेटावर जवळजवळ काही पिकत नाही, गोडं पाणीसुद्धा समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून करावं लागतं, आणि बटाट्यापासून बटरपर्यंत सगळं बाहेरून येतं. जेवण जहाजावर केलंत तर हा प्रश्नच उरत नाही. मधल्या वेळेला बेकरीत जा. साधा लांब पाव, बागेत, हा पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट यांचाच असतो, तो तुम्ही निर्धास्त खा. क्रोसाँवर बऱ्याचदा अंड्याचा हात फिरवलेला असतो, ब्रिओश नावाच्या गोड पावात तर अंडं असतंच. आइस्क्रीमऐवजी फळांचं सोर्बे मागा, त्यात सहसा अंडं-दूध नसतं, तरी विचारा. आणि एक सावधगिरी: कॅरिबियन फ्रेंच बेटांवर अक्रा नावाचा तळलेला गोल प्रकार मिळतो, रंगरूप हुबेहूब आपल्या भज्यांचं. तो खारवलेल्या कॉड माशाचा असतो. ताटलीत कुणी प्रेमाने पुढे केला तरी आधी विचारा. "मांस नको, मासे नकोत, अंडं नको" हे फ्रेंचमध्ये लेकीकडून मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पर्समध्ये ठेवा.

आता तुमच्या यजमानांचं. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते शेवटचं वाक्य. यांना बेटाची भीती वाटत नाही, ताई. ज्यांनी आयुष्यभर घरातल्या प्रत्येक सहलीचा खर्च स्वतःच्या खिशातून केला, त्यांना एका महागड्या गावात पावलोपावली लेकीने पाकीट उघडलेलं बघायचं नाही. हा अहंकार नाही, आणि त्यावर "अहो, मुलगी कमावती आहे" असं म्हणून ते जाणार नाही. त्यांना देण्याची जागा करून द्या. निघण्याआधी ठाण्यातूनच थोडे युरो घ्या, शंभर-दीडशे पुरेत, आणि ते त्यांच्या पाकिटात राहू द्या. तिथे डॉलर आणि कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण हा प्रश्न चालण्याचा नाही. बंदराच्या कडेला एखादं कॅफे निवडा आणि लेक, जावई, नात यांना कॉफी, सरबत आणि गोड काहीतरी यांनी खिलवायचं. तिथल्या हिशेबाने ते महाग असेल, पण तुमच्या ऐपतीतलं असेल. फ्रेंच पद्धतीत सेवेचं शुल्क बिलात धरलेलं असतं, त्यामुळे अमेरिकेसारखी वर वीस टक्क्यांची आकडेमोड करावी लागत नाही. लेकीला आधी एकटीला गाठून सांगा: बाबांनी बिल मागितलं की तू मध्ये पडायचं नाहीस. "अगं राहू दे, आमच्याकडे आहेत सुटे" एवढंही म्हणायचं नाही. हे तिला सांगण्याचं काम तुमचंच, कारण ते स्वतः कधीच सांगणार नाहीत.

आणि तरीही ते म्हणाले की मी जहाजावर थांबतो, तर तुम्ही त्यांच्यासोबत थांबू नका. नातीचा हात धरा आणि उतरा. दुपारी जेवायला परत येणारच आहात. सकाळचं सगळं त्यांना सांगा, आणि विमानांसाठी सोबत चला म्हणा. सकाळी नाही म्हटलेला माणूस तिसऱ्या प्रहरी हो म्हणतो, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

उन्हाबद्दल थोडं. गुस्ताविया आपल्या दापोली-केळशीच्याच अक्षांशावर आहे, पण जानेवारीत तिथे सतत वारा असतो आणि वाऱ्यामुळे ऊन लागलेलं कळत नाही. टोपी हनुवटीखाली बांधता येईल अशी घ्या. पाण्याची बाटली जहाजावरून भरून न्या. शिजवलेलं अन्न आणि फळं किनाऱ्यावर नेऊ देत नाहीत, बंद पाकिटातली बिस्किटं-चिवडा बहुधा चालतो. आणि नातीला एवढं बजावा: किनाऱ्यावर हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं पडलेली दिसली तर हात लावायचा नाही. कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड असतं, त्याचं फळ विषारी आणि चीक कातडी भाजणारा. पाऊस आला तरी त्याच्याखाली उभं राहायचं नाही, पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानेही फोड येतात.

राहिली कागदपत्रं. तुम्ही विचारलेलं नाही, पण हे काम या आठवड्यातच व्हायला हवं. सेंट बार्ट्स फ्रान्सचं असलं तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. शेंगेन व्हिसा असला तर आपोआप चालेल असं धरू नका, आणि "एक दिवसाचे प्रवासी आहोत, काही लागत नाही" असंही कुणाच्या तोंडी सांगण्यावर धरू नका. भारतीय पासपोर्टधारकांना मार्गातल्या प्रत्येक बेटासाठी काय लागतं ते क्रूझ कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. बेटं वेगवेगळ्या देशांची असतात, प्रत्येकाचा नियम वेगळा. तुमचा दोघांचा अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे का तेही पासपोर्ट उघडून बघा, कारण सान ह्वान ही अमेरिका आहे आणि तिथे परतणं म्हणजे नव्याने प्रवेश.

लेक-जावई अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असतील तर हा परिच्छेद सोडून द्या. पण ते एच-१बी, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असतील तर त्यांच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का जानेवारीत चालू असला पाहिजे. मंजुरीचं पत्र वेगळं आणि शिक्का वेगळा. शिक्का संपलेला असतानाही कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन परत येण्याची जी सवलत आहे, ती एच-१बी वाल्यांना कॅरिबियन बेटांसाठी मिळत नाही. विद्यार्थ्यांच्या व्हिसाला ती या बेटांसाठी आहे, म्हणून तिथल्या मराठी मंडळींत याबाबत फार गोंधळ असतो, आणि एकाला चाललं ते दुसऱ्याला चालेल असं सांगितलं जातं. शंका असेल तर त्यांनी आपल्या वकिलाला विचारावं. क्रूझ रद्द करून पैसे परत मिळण्याची मुदत साधारणतः निघण्याच्या काही आठवडे आधीच संपते, तेव्हा लेकीला आज रात्री फोन कराल तेव्हा आधी ती तारीख विचारा.